नैराश्याची गोळी आणि रात्रीची झोप

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचा विषय निघाला की घरातून पहिला आक्षेप ठरलेला असतो : "तिकडे जाऊन काय होणार? झोपेच्या गोळ्या देतील. एकदा लागल्या की सुटत नाहीत." या एका समजापायी कितीतरी माणसं दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्यानं गाठलेलं असतं, आणि नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत.

जे उपचारापर्यंत पोचतात, त्यांच्या हातात पडणारी मुख्य गोळी झोपेची नसते. ती नैराश्यावरची, म्हणजे अँटिडिप्रेसंट असते. या गटातल्या काही औषधांनी चक्क झोप उडते. काहींनी सकाळी दहापर्यंत डोकं जड राहतं. काहींनी स्वप्नं इतकी ठळक पडतात की जाग आल्यावरही ती खरीच वाटतात. कुणाचे पाय रात्री वळवळतात, कुणी झोपेत दात खायला लागतं, कुणी हातपाय झाडतं. यातलं काहीही आधी सांगितलेलं नसेल, तर माणूस घाबरतो आणि गोळी बंद करून टाकतो. बहुतेकदा तो डॉक्टरांना कळवतही नाही. इतक्या मुश्किलीनं सुरू झालेला उपचार झोपेपायी सुटणं टाळता येण्यासारखं आहे, आणि ते टाळलंच पाहिजे. त्यासाठी आज वैद्यकशास्त्राला या प्रश्नाबद्दल काय ठाऊक आहे, ते एकत्र मांडायला हवं.

आजार आधीच झोपेत शिरलेला असतो

गोळीचा विचार करण्याआधी आजाराचा करावा लागतो. नैराश्याच्या चारपैकी तीन रुग्णांच्या आसपास निद्रानाशाची तक्रार आढळते. अंथरुणाला पाठ टेकली तरी डोळ्याला डोळा लागत नाही, लागलाच तर मध्येच झोपमोड होते, आणि पहाटे तीन-साडेतीनला उघडलेले डोळे पुन्हा मिटत नाहीत. ती पहाटेची वेळ अनेकांसाठी दिवसातली सर्वांत वाईट वेळ असते. काही रुग्णांत, विशेषतः तरुणांमध्ये, उलटं चित्र दिसतं : दहा-बारा तास झोपूनही अंगातली मरगळ जात नाही.

हा बदल झोपेच्या प्रयोगशाळेत आलेखावरही दिसतो. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या चक्रांनी पुढं सरकते. हलकी झोप, मग गाढ झोप, आणि चक्राच्या शेवटी रेम झोप. या शेवटच्या टप्प्यात मिटल्या पापण्यांआड बुबुळं वेगानं हलतात, मेंदू जागेपणासारखाच कामात असतो, ठळक स्वप्नं पडतात, आणि शरीराचे स्नायू मात्र पूर्ण सैल पडलेले असतात. निरोगी माणसाची पहिली रेम झोप डोळा लागल्यावर साधारण नव्वद मिनिटांनी येते. नैराश्यात ती बऱ्याचदा तासाभराच्या आतच येते, जास्त वेळ टिकते, आणि सुरुवातीची गाढ झोप कमी होते. पिट्सबर्गचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड कुप्फर यांनी १९७० च्या दशकात हे निरीक्षण मांडलं, तेव्हा नैराश्याची खूण आलेखावर सापडली असं अनेकांना वाटलं होतं. पुढं कळलं की हीच खूण इतर काही आजारांतही दिसते, त्यामुळे निदानाची चाचणी म्हणून ती टिकली नाही. पण नैराश्य आणि झोप एकमेकांत गुंतलेले आहेत, हे तिनं पक्कं केलं.

म्हणून झोप गोळीनं बिघडली की आजारानं, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. पहिली गोळी घेण्याआधीच्या आठवड्यात आपण किती वाजता पडलो, किती वेळा उठलो, सकाळी कसं वाटलं, एवढं वहीत लिहून ठेवलं तर पुढचा निम्मा गोंधळ वाचतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मनःस्थिती सुधारली तरी झोप मागं राहू शकते. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लुओक्सेटिन या अँटिडिप्रेसंटला उत्तम प्रतिसाद दिलेल्या रुग्णांपैकीही ४४ टक्क्यांच्या झोपेच्या तक्रारी शिल्लक होत्या. ही शिल्लक किरकोळ समजू नये. रेंगाळलेला निद्रानाश हा आजार उलटण्याच्या धोक्याशी जोडलेला आहे, आणि आत्महत्येच्या विचारांशीही.

क्षयाच्या वॉर्डातून झोपेच्या प्रयोगशाळेपर्यंत

अँटिडिप्रेसंट आणि झोपेच्या विज्ञानाचा जन्म जवळपास एकाच सुमारास झाला. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध दिलं जात होतं. खंगलेले रुग्ण अचानक उत्साही झाले, खाऊ-पिऊ लागले, वॉर्डात हिंडू लागले. पाच वर्षांनी नेथन क्लाइन यांनी तेच औषध नैराश्यासाठी पुढं आणलं. यकृताला इजा होते हे कळल्यावर ते मागं पडलं, पण एमएओआय नावाचा औषधगट त्यातून उभा राहिला. साधारण त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलंड कून यांनी इमिप्रामिन वापरून पाहिलं आणि १९५७ मध्ये त्याचा नैराश्यावरचा गुण जाहीर केला. ट्रायसायक्लिक गटाची ती सुरुवात. दरम्यान, १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नेथॅनिएल क्लाइटमन यांनी रेम झोपेचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं.

ही दोन शास्त्रं एकमेकांना भेटली तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. नव्या औषधांपैकी बहुतेक औषधं रेम झोप दाबत होती. फिनेल्झिन हे एमएओआय तर ती आठवडेच्या आठवडे जवळजवळ पुसून टाकत होतं, आणि तरी रुग्ण सुधारत होते. जेराल्ड व्होगेल यांनी मग औषधाशिवाय प्रयोग केला. रेम झोप सुरू झाली की रुग्णाला जागं करायचं, असं काही आठवडे चाललं. १९७५ मध्ये त्यांनी कळवलं की काही रुग्णांचं नैराश्य एवढ्यानंही हटलं. याच्या थोडं आधी, १९७१ मध्ये, जर्मनीत फ्लुग आणि टोले यांनी एक पूर्ण रात्र जागवल्यावर नैराश्याच्या अनेक रुग्णांना दुसऱ्या दिवशी बरं वाटतं असं दाखवलं होतं. तो फायदा टिकत नाही, रुग्ण पुढच्या रात्री झोपला की बहुतेकदा ओसरतो. पण निम्म्याहून अधिक रुग्णांत तो दिसतो, ही गोष्ट पुढं अनेक ठिकाणी पडताळली गेली.

यावरून रेम दाबली की नैराश्य जातं असा सिद्धांत निघाला. तो आकर्षक होता, पण अपुरा ठरला. ट्रिमिप्रामिन, बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन, नेफाझोडोन ही औषधं रेम झोपेला फारसा धक्का लावत नाहीत, आणि तरीही नैराश्यावर काम करतात. १९९८ मध्ये नेफाझोडोन आणि फ्लुओक्सेटिन यांची समोरासमोर तुलना झाली. आठ आठवड्यांत नैराश्य दोन्हींनी सारखंच कमी झालं. झोप मात्र नेफाझोडोनवर सुधारली, तर फ्लुओक्सेटिनवर आलेखात जागं होण्याचं प्रमाण वाढलं. माझ्या मते या संपूर्ण विषयाचा कणा या एका तुलनेत आहे : मन बरं करण्यासाठी झोप बिघडवावीच लागते असं नाही. दोन औषधांची ताकद सारखी असेल, तर निवड करताना झोपेचा विचार करायला जागा आहे.

एकाच गटात जागरणही, गुंगीही

असं का होतं? मेंदूच्या खोडात सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन वापरणाऱ्या पेशींचे छोटे पुंजके आहेत. आपण जागे असताना ते कामात असतात, गाढ झोपेत मंदावतात, आणि रेम झोपेत जवळजवळ गप्प होतात. ते गप्प झाल्याशिवाय रेम नीट सुरू होत नाही. बहुतेक अँटिडिप्रेसंट ही दोन रसायनं वाढवतात, म्हणून रेम उशिरा येते आणि कमी होते. सिरोटोनिन वाढल्यावर ते ५-एचटी-२ नावाच्या ग्राहींवरही जाऊन बसतं, आणि त्यातून झोप हलकी होते, वारंवार मोडते. उलट ज्या औषधांनी हेच ग्राही अडवले जातात, किंवा सर्दीच्या जुन्या गोळ्यांप्रमाणे हिस्टामिन अडवलं जातं, त्यांनी गुंगी येते.

आज सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटात फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम, फ्लुवोक्सामिन येतात. फ्लुओक्सेटिन अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये मंजूर झालं. त्याच्या नैराश्यावरच्या चाचण्यांत सुमारे १६ टक्के लोकांनी निद्रानाश नोंदवला, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ९ टक्क्यांनी. त्याच चाचण्यांत १३ टक्क्यांना झापड आली, साखरेच्या गोळीवर ६ टक्क्यांना. म्हणजे एकाच औषधानं एकाची झोप उडते आणि दुसऱ्याला पेंग येते. शेजाऱ्याचा अनुभव ऐकून आपली गोळी ठरवू नये, याचं याहून चांगलं कारण नाही.

एसएनआरआय गटातलं व्हेन्लाफॅक्सिन आणि त्याहून वेगळ्या पद्धतीनं काम करणारं बुप्रोपिऑन हीही जागं ठेवणारी औषधं. म्हणून फ्लुओक्सेटिन आणि बुप्रोपिऑन सहसा सकाळी घ्यायला सांगतात. बुप्रोपिऑन दिवसातून दोनदा असेल तर दोन डोसांत किमान आठ तास जावे लागतात, आणि दुसरा डोस निजायच्या वेळेजवळ घ्यायचा नसतो. व्हेन्लाफॅक्सिन आणि एसएसआरआयमुळे काहींना रात्री दरदरून घामही फुटतो आणि त्यानंच जाग येते. ताप नाही, उकाडा नाही, मग हा घाम कसला म्हणून घरचे धास्तावतात, तेव्हा गोळीची आठवण ठेवावी.

पलीकडच्या टोकाला मिर्टाझापिन. अमेरिकेतल्या चाचण्यांत ते घेणाऱ्या ५४ टक्के लोकांना झापड आली, साखरेच्या गोळीवर १८ टक्क्यांना. रात्री साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅम घेतलं की अनेकांना झोप लागते. भूकही वाढते, वजनही वाढतं. वाळत चाललेल्या, जेवण टाकलेल्या वयस्कर रुग्णाला हे वरदान ठरतं. आधीच घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या जाड माणसाला तेच त्रासाचं होऊ शकतं. ट्रॅझोडोन, अमिट्रिप्टिलिन, डॉक्सेपिन हीही गुंगी आणणारी मंडळी.

युरोपात २००९ मध्ये मंजूर झालेलं अगोमेलाटिन वेगळ्या वाटेनं जातं. अंधार पडल्यावर मेंदूत स्रवणाऱ्या मेलाटोनिनच्या ग्राहींवर ते काम करतं, निजताना घ्यायचं असतं, आणि रेम झोप फारशी दाबत नाही. त्यासाठी यकृताच्या तपासण्या मात्र सुरुवातीला आणि नंतरही ठरावीक आठवड्यांनी कराव्या लागतात. तो खर्च आणि ती शिस्त जमणार असेल तरच ते औषध योग्य.

एसएसआरआयमुळे उडालेली झोप पुष्कळांच्या बाबतीत पहिल्या तीन-चार आठवड्यांत बसते. शरीर सरावतं आणि मनही हलकं होऊ लागतं. त्या काळात आलेखावर झोप तुटक दिसत असते, आणि रुग्ण मात्र "आता बरी झोप लागते" असं सांगतो. अशा वेळी रुग्णाच्या शब्दाला वजन द्यावं.

चहाचा कप

ओसीडी (मंत्रचळ) आणि नैराश्यासाठी दिलं जाणारं फ्लुवोक्सामिन यकृतातल्या ज्या विकराला अडवतं, त्याच विकरावर कॅफीन पचवायची जबाबदारी असते. चहा-कॉफीतलं कॅफीन एरवी साधारण पाच तासांत निम्मं होतं. फ्लुवोक्सामिनवर असलेल्या माणसात त्याला तीस तासांच्या आसपास लागू शकतात. म्हणजे सकाळी ऑफिसच्या टपरीवर घेतलेला कटिंग दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत अंगात रेंगाळतो, आणि त्यात दुपारचा, संध्याकाळचा, पाहुण्यांसोबतचा चहा भर घालत जातो. दिवसाला सहा-सात कप चहा पिणाऱ्या आपल्या समाजात "गोळीनं झोप उडाली" या तक्रारीमागं कितीदा गोळी आणि चहा यांची जोडी असेल, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. चहा कमी करणं हा औषध बदलण्याहून कितीतरी सोपा उपाय आहे. याच विकरामुळे फ्लुवोक्सामिन आणि अगोमेलाटिन एकत्र देत नाहीत.

स्वप्नं

रेम कमी झाली की स्वप्नंही कमी व्हायला हवीत, असं वाटतं. तसं होतंही, पण अर्धवट. निरोगी स्वयंसेवकांना पॅरोक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन देऊन केलेल्या अभ्यासात स्वप्नं आठवण्याचं प्रमाण घटलं, पण जी आठवली ती अधिक तीव्र होती. औषध थांबवल्यावर ती आणखी तीव्र झाली. दाबून ठेवलेली रेम उसळी मारते, हे त्याचं एक कारण मानलं जातं. मेलेली माणसं भेटणं, पाठलाग होणं, परीक्षेत पेपर कोरा राहणं असली स्वप्नं रोज पडू लागली की माणूस त्यांचे अर्थ शोधायला लागतो. ही उसळी रसायनांची आहे, हे आधी सांगितलं तर त्या अर्थांचा भार बराच हलका होतो.

रेम गेली की स्मरणशक्ती जाईल, ही भीतीही अनेकांना असते, विशेषतः अभ्यास करणाऱ्या मुलांच्या पालकांना. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी निरोगी तरुणांना फ्लुवोक्सामिन किंवा रिबॉक्सेटिन देऊन रेम दाबली आणि त्यांची स्मृती तपासली. शिकलेली गोष्ट विसरली गेली नाही. हाताच्या कौशल्याच्या एका चाचणीत तर कामगिरी थोडी सुधारली. या प्रयोगानं सगळे प्रश्न सुटत नाहीत, पण परीक्षेच्या भीतीपोटी मुलाचं औषध बंद करायला तो आधार देत नाही.

पाय, दात आणि लाथा

झोपेशी जोडलेला सर्वांत दुर्लक्षित त्रास पायांचा. संध्याकाळ झाली, पलंगावर पडलं की पोटऱ्यांत वळवळ, ओढ, आतून काहीतरी सरपटल्यासारखं. पाय हलवला की तेवढ्यापुरतं बरं, थांबवला की पुन्हा तेच. "जरा पाय चेपून दे गं" म्हणत आई मुलीला हाक मारते, पण हा थकवा नसतो. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. २००८ मध्ये जर्मनीत २७१ रुग्णांच्या पाहणीत अँटिडिप्रेसंट सुरू केल्यावर ९ टक्क्यांना हा त्रास नव्यानं झाला किंवा होता तो वाढला. मिर्टाझापिनवर हे प्रमाण २८ टक्के होतं. म्हणजे झोपेसाठी दिलेलं औषधच पायांमार्फत झोप उडवू शकतं. अशा रुग्णासाठी बुप्रोपिऑनचा विचार होतो, कारण त्यानं हा त्रास सहसा वाढत नाही.

आपल्याकडे या तक्रारीला आणखी एक पदर आहे. शरीरातलं लोह कमी असणं हे पायांच्या वळवळीचं मोठं कारण, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासावं लागतं. या आजारात ते दर मिलिलिटरला ७५ नॅनोग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याची शिफारस आहे. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या बाईनं पायांची तक्रार केली, तर गोळी बदलण्याआधी ही एक रक्ततपासणी व्हायला हवी.

एसएसआरआय आणि व्हेन्लाफॅक्सिनमुळे काहींना झोपेत दात खायची सवय लागते. सकाळी जबडा दुखतो, कानशिलं ठणकतात, आणि हे आधी कळतं ते दातांच्या डॉक्टरांना. म्हणून दंतवैद्याला आपल्या गोळ्या सांगायला लाजू नये.

सर्वांत गंभीरपणे घ्यावी अशी गोष्ट म्हणजे स्वप्नातली कृती झोपेत प्रत्यक्षात करणं. १९८६ मध्ये मिनेसोटात कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी रेम बिहेव्हिअर डिसऑर्डरचं वर्णन केलं. रेममध्ये सैल पडायला हवेत ते स्नायू या माणसात जागे राहतात. स्वप्नात कुत्रं अंगावर येतं आणि माणूस खरोखर लाथ झाडतो, बरळतो, पलंगावरून पडतो. सकाळी "अहो, काल रात्री पुन्हा मला मारलंत" असं बायको सांगते, तेव्हा त्याला काही आठवत नाही. एसएसआरआय, व्हेन्लाफॅक्सिन, ट्रायसायक्लिक औषधं आणि मिर्टाझापिन यांमुळे हे सुरू होऊ शकतं किंवा वाढू शकतं. याच दोन संशोधकांच्या गटानं १९९२ मध्ये फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांत रेम नसतानाही बुबुळं फिरत राहतात, असंही नोंदवलं.

ही बाब गंभीर का, याचं कारण औषधापलीकडचं आहे. कोणतंही औषध किंवा दुसरं कारण नसताना हा विकार जडलेल्या लोकांना पुढं पार्किन्सन किंवा त्या कुळातले आजार होण्याची शक्यता मोठी असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२८० रुग्णांच्या अनेक देशांतल्या पाहणीत बारा वर्षांत जवळपास तीन चतुर्थांशांत हे घडेल असा अंदाज निघाला. अँटिडिप्रेसंटनं पार्किन्सन होतो असा याचा अर्थ अजिबात नाही. पण पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसात गोळी सुरू केल्यावर लाथा सुरू झाल्या, तर गोळीनं एखादा लपलेला आजार उघडा पाडला का, हे मेंदूविकारतज्ज्ञानं एकदा तपासावं. तोवर पलंगाजवळची काचेची वस्तू, टोकदार कोपऱ्याचं टेबल हलवावं, आणि गरज पडल्यास जोडीदारानं काही दिवस वेगळं झोपावं.

"प्लस" लिहिलेली स्ट्रिप

आपल्या देशातल्या औषधाच्या दुकानात एक गोष्ट सर्रास मिळते : एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी. नावापुढं बहुधा "प्लस" असतं, आणि चिठ्ठीवर "रात्री जेवणानंतर एक". यातलं क्लोनाझेपाम खरोखर झोप आणणारं आहे आणि त्याची सवय लागते. ते शरीरातून निम्मं व्हायला तीस ते चाळीस तास लागतात, म्हणून रोज घेतलं की साठत जातं. सकाळी दुचाकी चालवताना प्रतिक्रिया मंद होणं, वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना पडणं, हे त्याचे नेहमीचे धोके. उपचाराच्या पहिल्या चार आठवड्यांत या प्रकारच्या औषधाची जोड दिली तर नैराश्य थोडं लवकर उतरतं, असं पुरावे सांगतात. त्यानंतर मात्र तो फायदा दिसत नाही. अडचण अशी की एकाच गोळीत दोन्ही असल्यानं एक चालू ठेवून दुसरं हळूहळू थांबवता येत नाही. रुग्ण वर्षानुवर्षं दोन्ही घेत राहतो, आणि "या गोळ्या सुटत नाहीत" हा समज पक्का होतो. दोन औषधं वेगळी लिहून दिली तर हा गुंता सोडवता येतो. आपल्या स्ट्रिपवर किती औषधांची नावं आहेत, हे प्रत्येकानं एकदा वाचावं आणि डॉक्टरांना विचारावं.

याच्या उलट गैरसमज अमिट्रिप्टिलिनचा. मायग्रेन किंवा मधुमेहातल्या पायांच्या जळजळीसाठी ते १० मिलिग्रॅम दिलं जातं. घरी कुणीतरी इंटरनेटवर शोधतं, "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हणून ओरडतं, आणि ती बंद होते. नैराश्यासाठी तिचा डोस साधारण ७५ मिलिग्रॅम आणि त्यापुढचा असतो. एवढ्याशा डोसानंही झोप येते, पण तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतं, प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी तुंबू शकते, आणि म्हातारपणी गोंधळल्यासारखं होऊ शकतं.

नैराश्य नसताना केवळ झोपेसाठी अँटिडिप्रेसंट द्यावं का? अमेरिकेत २०१० मध्ये डॉक्सेपिनला ३ आणि ६ मिलिग्रॅम इतक्या कमी डोसात, मध्यरात्री जाग येणाऱ्यांसाठी मान्यता मिळाली. बाकीच्यांसाठी पुरावा कमजोर आहे. जगभर भरमसाट वापरलं जाणारं ट्रॅझोडोन निद्रानाशासाठी वापरू नये, असंच अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीनं २०१७ मध्ये सुचवलं. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यालाही अशा दीर्घकाळच्या वापराला भक्कम आधार सापडला नाही.

बंद करतानाची रात्र

गोळी अचानक सोडली की काही दिवसांत झोप मोडते, भीतिदायक स्वप्नं पडतात, चक्कर येते, डोक्यात झटका बसल्यासारखं वाटतं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन सोडताना हे अधिक दिसतं. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारं रसायन कित्येक दिवस टिकतं, म्हणून तिथं हे कमी होतं. अशा वेळी रुग्णाला वाटतं, सवय लागली. घरच्यांना वाटतं, आजार परतला. बहुधा ही औषध थांबवल्याची तात्पुरती प्रतिक्रिया असते, आणि डोस आठवड्या-आठवड्यानं, गरज पडली तर महिन्या-महिन्यानं कमी केला की ती सुसह्य राहते. नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या विकाराच्या, रुग्णांनी तर विशेष जपावं. हसताना अचानक अंग गळून पडण्याच्या त्यांच्या त्रासावर व्हेन्लाफॅक्सिन किंवा क्लोमिप्रामिन दिलेलं असतं, आणि ते एकदम थांबवलं तर तो त्रास लागोपाठ येऊ शकतो.

धोक्याची झोप

झोपेत दोन बदल दिसले तर मात्र वाट पाहू नये. पहिला : गोळी सुरू झाल्यावर माणूस दोन-तीन तास झोपतो आणि तरी ताजातवाना असतो, खूप बोलतो, पैसे उधळतो, नवनवे बेत करतो. हा साधा निद्रानाश नाही. निद्रानाशात माणूस थकलेला असतो. इथं झोपेची गरजच उरलेली नसते, आणि ते बायपोलर आजारातल्या उन्मादाचं लक्षण असू शकतं. दुसरा : तरुण मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत झोप उडण्याबरोबर विलक्षण बेचैनी, चिडचिड आणि जीव द्यायचे विचार येणं. याच भीतीपोटी अमेरिकेच्या औषध नियामकानं २००४ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. दोन्ही बाबतींत त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. डॉक्टर मिळत नसतील तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं.

झोप हा उपचाराचाच भाग

औषधाची वेळ बदलणं, डोस कमी करणं, दुसरं औषध देणं, चहा आणि दारू यांचा हिशेब मांडणं, लोह तपासणं : डॉक्टरांच्या हाती एवढे मार्ग आहेत. त्यांच्या जोडीला निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत आहे. रोज ठरल्या वेळी उठणं, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडणं, अंथरुणातला वेळ खऱ्या झोपेपुरता आवळणं, ही तिची मुख्य अंगं. रेचल मॅनबर यांच्या २००८ मधल्या छोट्या अभ्यासात एस्सिटॅलोप्रामला या पद्धतीची जोड दिली तेव्हा ६१.५ टक्के रुग्ण नैराश्यातून पूर्ण बाहेर आले, आणि जोड नसलेल्यांत ३३.३ टक्के. पुढच्या मोठ्या अभ्यासात नैराश्यावरचा फरक इतका ठसठशीत निघाला नाही. पण निद्रानाशावर ही पद्धत उपयोगी आहे यात शंका नाही, आणि तिची सवय लागत नाही.

एवढं सगळं हाती असताना रुग्ण गुपचूप गोळी सोडतो, याचं कारण बहुतेक वेळा कुणी विचारलेलं नसतं हेच असतं. गोळी सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक भेट व्हायलाच हवी. त्या भेटीत, आणि नंतरच्या प्रत्येक भेटीत, चार प्रश्न विचारले जावेत : डोळा लागायला किती वेळ लागतो, मध्ये किती वेळा जाग येते, सकाळी डोकं जड असतं का, आणि शेजारी झोपणाऱ्यानं काही वेगळं पाहिलं का. शेवटच्या प्रश्नासाठी घरच्या माणसाला सोबत बोलवावं, कारण लाथा, दात खाणं आणि बरळणं रुग्णाला स्वतःला दिसत नाही. हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटं पुरतात. मानसोपचारतज्ज्ञांनी आणि गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांनी ते विचारावेत. डॉक्टर विचारायला विसरले, तर रुग्णानं स्वतःहून सांगावं. झोप बिघडवणारी गोळी बदलता येते. अर्ध्यावर सोडलेल्या उपचाराकडे माणसाला परत आणणं मात्र फार कठीण जातं, आणि तोवर आजार वाढत राहतो.